हिरड्यांतून रक्त येतं? मग हे वाचा

वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की चाळिशीतल्या बायाही आम्हाला सांगतात, "ताई, दात हलतात. वय झालं आता." आम्ही विचारतो, दात घासताना रक्त येतं का? उत्तर ठरलेलं, "ते तर कित्येक वर्षं येतंय." हे वय नव्हे, हा हिरड्यांचा आजार आहे. आपण त्याला पायरिया म्हणतो. तो फारसा दुखत नाही, म्हणून दात पडायला आल्याशिवाय कुणी दवाखाना गाठत नाही.

दात आणि हिरडी यांच्या फटीत कीटण साचतं, त्यात जंतू वाढतात. त्यांच्याशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं. हिरडी लाल होते, सुजते. हा दाह. थोडे दिवस असेल तर तो आपला राखणदार. पण वर्षानुवर्षं धुमसत राहिला, तर दाताला धरून ठेवणारं हाडच त्याच्यामुळे झिजतं.

मग हा दाहच शमवला तर? अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातल्या थॉमस व्हॅन डाइक, हातिजे हास्टुर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवर हे तपासलं. 2007 मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. सशांच्या दाताभोवती रेशमी दोरा बांधून, जंतू लावून सहा आठवड्यांत आजार निर्माण केला. पुढे सहा आठवडे हिरडीला 'रिझॉल्व्हिन ई1' लावलं. माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 पासून आपलं शरीरही हा पदार्थ बनवतं. दाह आवरता घ्यायला तो सांगतो. औषध लावलेल्या सशांचा दाह तर ओसरलाच, झिजलेलं हाडही पुन्हा भरून आलं.

या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जिवांनी मोजली. प्राणिमात्रांवर मैत्री शिकवणाऱ्या घरांत हा प्रश्न उठणारच, आणि उठावा. आपल्या देशात 1960 च्या कायद्यानुसार प्राण्यांवरील प्रयोगांवर समितीची देखरेख असते. विनाकारण वेदना देता येत नाहीत.

पण यातून चुकीचा अर्थ काढू नका. सशाला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही, ते माणसांवर वेगळं तपासावं लागतं. आणि दाह कमी करायचा म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणं तर धोक्याचंच. त्यांनी पोटात व्रण होतात, किडनी खराब होते. आणि कीटण जागच्या जागी राहतं.

आज हातात असलेला उपाय साधा आहे. सरकारी दंत रुग्णालयात जाऊन कीटण काढून घ्या. "दात साफ केले की सैल होतात" हा गैरसमज आहे. कीटणामुळे हाड आधीच झिजलेलं असतं, साफ केल्यावर ते फक्त कळून येतं. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासा. मिश्री, तंबाखू, गुटखा सोडा. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर त्यांच्या हिरड्या आधी दाखवा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

उद्या सकाळी थुंकी नीट पाहा. लाल दिसली तर दवाखान्याची वाट धरा. दात हलेपर्यंत थांबू नका.