गुन्ह्यापूर्वीची वर्षे

25 जानेवारी 2012 रोजी सकाळी पुण्याच्या स्वारगेट आगारातून राज्य परिवहनच्या एका चालकाने एक एस.टी. परस्पर बाहेर काढली आणि शहराच्या भर वर्दळीच्या रस्त्यांवरून ती बेफाम हाकीत नऊ निरपराध माणसांचा बळी घेतला. आरोपी मनोविकाराने ग्रस्त असून सोलापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच्यावर उपचार झाले होते, असा बचाव त्याच्या वतीने मांडण्यात आला. तो न्यायालयांनी ग्राह्य धरला नाही, आणि सत्र न्यायालयाने ठोठावलेली व उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशीची शिक्षा अखेर 2019 साली सर्वोच्च न्यायालयात जन्मठेपेत परिवर्तित झाली.

या निवाड्याच्या गुणदोषांत शिरण्याचा माझा हेतू नाही. 1843 साली लंडनमध्ये पंतप्रधान पील यांच्या खाजगी चिटणिसाची हत्या करणाऱ्या मॅक्नॉटनच्या खटल्यानंतर तेथील न्यायाधीशांनी जी कसोटी घालून दिली, तिच्याशी मिळतेजुळते तत्त्व 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 84 व्या कलमात आले आणि आज ते भारतीय न्याय संहितेच्या 22 व्या कलमात कायम आहे. कृत्याच्या वेळी आपण काय करीत आहोत, किंवा जे करीत आहोत ते गैर वा बेकायदेशीर आहे, हे जाणण्यास आरोपी मनोविकृतीमुळे असमर्थ होता काय, एवढेच ती कसोटी विचारते. न्यायालयाची दृष्टी अशी त्या एका क्षणावर खिळलेली असणे क्रमप्राप्तच आहे. परंतु त्या क्षणामागे जी वर्षे उलटून गेलेली असतात, त्यांची चौकशी करण्याचे काम कोणत्याही फौजदारी न्यायालयाकडे सोपविलेले नाही, आणि म्हणूनच ते आपणा सर्वांकडे येते.

या चौकशीत पहिला अडथळा आपल्या पूर्वग्रहाचा. एखादे अघोरी कृत्य घडले की ‘कोणी तरी माथेफिरू असणार’ हा निर्णय पंचनामा पुरा होण्याआधीच आपण देऊन टाकतो. अमेरिकेतील संशोधक स्वॉन्सन यांच्या अभ्यासावरून निघणारा अंदाज असा की तीव्र मनोविकार उद्या समूळ नाहीसे झाले, तरी समाजातील हिंसा सुमारे 4 टक्क्यांनीच उतरेल. मद्य आणि अन्य व्यसने यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. उलटपक्षी मनोरुग्ण स्वतःच अन्यायाला बळी पडतो तो किती, याची साक्ष तमिळनाडूतील एरवाडीने दिली आहे: 6 ऑगस्ट 2001 रोजी तेथील एका आश्रयगृहाला आग लागली तेव्हा लोखंडी साखळ्यांनी बांधलेल्या 28 रुग्णांना पळता आले नाही आणि ते जळून मेले.

तथापि जो थोडा धोका खरोखरच असतो, तो कोठे साठतो हे पाहिले म्हणजे उपाय हाती येतो. चित्तभ्रमाच्या अवस्थेत मनुष्यवध करणाऱ्यांविषयीच्या निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित विचार नील्सन आणि लार्ज या संशोधकांनी 2010 साली केला, तेव्हा अशा दर दहा वधांपैकी जवळजवळ चार रुग्णाला पहिला उपचार मिळण्यापूर्वीच घडलेले दिसले. आजार सुरू झाल्यापासून औषधाची पहिली गोळी पोटात जाईपर्यंतचा हा काळ सर्वांत धोक्याचा, आणि आपल्या मुलखात तोच सर्वांत लांबतो.

तो कसा लांबतो हे खेड्यातल्या कोणत्याही अशा घरात पाहावे. विशीतला मुलगा रात्र रात्र झोपत नाही, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणून खिडक्यांना घोंगडी लावतो, एकटाच कोणाशी तरी वाद घालतो. ‘बाहेरचं काही तरी असेल’ म्हणून भगत होतो, अंगारा होतो, उतारा होतो, लग्न करून दिल्यावर ताळ्यावर येईल असाही सल्ला मिळतो. अखेरीस जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मनोविकारतज्ज्ञ बसतात असे कळून बाप एकटाच जातो आणि रुग्णाला घेऊन या असे ऐकल्यावर म्हणतो, ‘साहेब, तो यायला तर पाहिजे ना!’ महत्प्रयासाने एकदा आणलेच, तर पंधरवड्याच्या गोळ्या मिळतात. त्या संपल्या की पुन्हा एस.टी.चे भाडे आणि दोघांचा बुडालेला रोज. मुलगा थोडा सावरताच ‘मला काय झालंय?’ म्हणून गोळी थुंकून टाकतो, मग आई ती चुरून चहात घालू लागते, आणि हे त्याच्या ध्यानी आले की चहात विष घातल्याचा त्याचा संशय पक्का होतो. या घराला धीर देण्यास, आईला दुसरा मार्ग समजावून सांगण्यास आणि बुडालेल्या तारखेची विचारपूस करण्यास दारी येणारे कोणी नसते. पुढे एखाद्या दिवशी कोयता उगारला गेला, तर फिर्यादीची पहिली ओळ त्या दिवसापासून सुरू होते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्याच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, विकाराच्या प्रकारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारावाचून असल्याचे आढळले. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील जुनी मनोरुग्णालये आपल्याकडे आहेत, परंतु घरापासून शेकडो मैलांवरची खाट हा आजाराच्या प्रारंभीचा इलाज होऊ शकत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात खंड न पडता मिळणारी औषधे आणि गावात फिरून रुग्णाचा माग ठेवणारा प्रशिक्षित कार्यकर्ता, ही माझ्या मते खरी निकड आहे.

कायद्याची उणीव मात्र आता सांगता येणार नाही. 2018 पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या 18 व्या कलमाने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक उपचारसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, 95 व्या कलमाने साखळी निषिद्ध केली आहे, आणि 100 व्या कलमाने मनोविकारामुळे स्वतःला वा इतरांना अपाय करील असे वाटणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीस नेण्याची जबाबदारी ठाणे अंमलदारावर टाकली आहे. अशा व्यक्तीला कोठडीत वा तुरुंगात डांबता येत नाही. हे कलम ज्या घराला हवे असते त्या घराला ते ठाऊक नसते, आणि पुष्कळदा ठाण्यालाही नसते.

वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी चालतो आणि तेथे औषधे वर्षभर असतात काय, हे एकदा स्वतः जाऊन विचारावे, आणि नसल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी मागणी करून तिची पोच घ्यावी. घरात किंवा शेजारी कोणाच्या वागण्यात असा पालट दिसू लागला असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.