चांदी कुणाची होते?

कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांच्या गप्पांत एक बाटली हमखास निघते. गडद काच, वर ड्रॉपर आणि लेबलवर झोकात लिहिलेलं 'कोलॉइडल सिल्व्हर'. शिंका येतायत? दोन थेंब. खाजवतोय? स्प्रे मार. जुलाब? पाण्यात टाक! 'अगं, एकदम नॅचरल. साइड इफेक्ट झीरो!' हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं, की म्हटलं, ही चांदी जरा घासून बघू या.

तर ही चीज म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण. बस्स. हौशी मंडळी डिस्टिल्ड वॉटर, शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घेऊन घरीच बनवतात. आपल्याला ते पटतंही पटकन. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवणारी, मिठाईवर वर्ख लावणारी माणसं आपण! चांदी म्हणजे शुद्ध, हे डोक्यात फिट्ट बसलंय.

चांदी जंतू मारते, हे खोटं नाही. भाजलेल्या जखमेवरचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम माणसांचे डॉक्टर वापरतात, तसे व्हेटही. पण ते वरून लावायचं. पोटात गेलेली चांदी तिथल्या क्षारांना आणि प्रथिनांना चिकटते. काचेच्या बशीत जंतू मेले म्हणून आतड्यातलेही मरतील, असं नाही. अमेरिकेच्या एफडीएने तर १९९९ मध्ये नियमच काढला. प्रिस्क्रिप्शनशिवाय विकली जाणारी चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असा.

आणि साइड इफेक्ट झीरो? मोंटानाचे स्टॅन जोन्स आठवा. वायटूकेच्या गोंधळात अँटिबायोटिक्स मिळाली नाहीत तर, या धास्तीने हे गृहस्थ घरी बनवलेलं चांदीचं पाणी प्यायले. २००२ मध्ये सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा निळसर राखाडी झाला होता! याला अर्जिरिया म्हणतात. त्वचेत साठलेल्या चांदीचा हा रंग सहसा जात नाही. माणसाचा चेहरा निदान आरशात दिसतो. अंगभर केस असलेल्या लॅब्रेडॉरचं काय?

'डॉक्टरांचं औषध चालूच आहे, सोबत हेही देते,' असं म्हणणाऱ्यांनीही थांबावं. चांदीमुळे काही अँटिबायोटिक्स आणि थायरॉइडचं औषध शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणजे व्हेटची फी भरायची आणि गोळीचा असर आपणच कमी करायचा!

पण मला खरी धास्ती वाटते ती वाया जाणाऱ्या वेळाची. पार्व्होचंच बघा. १९७८ मध्ये जगभर पसरलेला हा विषाणू आजही पिल्लांचा काळ आहे. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि बघता बघता अंगातलं पाणी संपतं. सलाइन, उलटी थांबवणारं औषध आणि वरून होणाऱ्या संसर्गासाठी अँटिबायोटिक, हे वेळेत मिळालं तर बहुतेक पिल्लं वाचतात. नाही मिळालं तर बहुतेक दगावतात. 'आज थेंब देऊन बघू, उद्या नेऊ' यातला 'आज'च त्या पिल्लाकडे असतो. बोक्याची लघवी तुंबली, तर तिथेही हिशेब तासांचाच.

व्हेटचं बिल खिशाला जड जातं, रविवारी दवाखाने बंद असतात, ऑफिसातून लवकर निघता येत नाही. सगळं मान्य! म्हणूनच तयारी आधी हवी:

* रात्री आणि रविवारी उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधून नंबर सेव्ह करा.
* पिल्लाची लस ६ ते ८ आठवड्यांचं झाल्यावर सुरू करा. १६ आठवड्यांपर्यंतचे डोस चुकवू नका. सलाइनपेक्षा लस कितीतरी स्वस्त.
* वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब, तुंबलेली लघवी, धाप किंवा हिरड्या पांढऱ्या पडणं यांपैकी काहीही दिसलं, तर घरगुती प्रयोग बंद. थेट व्हेट.
* चांदीचं पाणी आधीच दिलं असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कुणी ओरडणार नाही.

आपलं दुखणं आपण बोलून दाखवतो, नको ते औषध थुंकून टाकतो. आपला टॉमी मात्र आपल्या हातून काहीही विश्वासाने चाटतो. त्या विश्वासावर चांदी होते ती बाटली विकणाऱ्याची.