दस्तुरी नाक्यापुढचा रस्ता

माथेरानला मोटार जाते ती दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे वाहनांना बंदी. तिथे उतरायचं आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालायचं, घोड्यावर बसायचं, हातरिक्षा करायची, नाहीतर अमन लॉजहून छोट्या रेल्वेगाडीची शटल पकडायची. आपल्याला त्यात गंमत वाटते. पण नीट पाहिलं, तर घोडेवाला, हातरिक्षावाला, बॅगा वाहणारा हमाल अशा कितीतरी घरांची चूल या अडीच-तीन किलोमीटरांवरच पेटते. थेट बाजारपेठेत मोटार आली, की त्यांचा धंदा बसला!

आणि गावकऱ्यांना सर्वांत जास्त छळणारी गोष्टही हीच वाट. सिलिंडर, भाजी, सिमेंट सगळं याच वाटेने वर न्यायचं. गुडघे दुखणाऱ्या आजीने आणि दप्तरवाल्या पोरांनीही याच वाटेने जायचं.

पर्यटकांविषयी स्थानिकांच्या मनात काय चालतं, याची एक शिडी डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडली: आधी आनंद, मग सवय होऊन बेफिकिरी, मग चीड आणि शेवटी उघड वैर. शिडी फार सुबक आहे, फक्त तिच्यावर अख्खं गाव एकाच पायरीवर उभं असतं. माथेरानात मात्र कोण कुठल्या पायरीवर, हे तो त्या रस्त्यावर काय करतो यावर ठरतं.

ई-रिक्षाचंच घ्या. हातरिक्षा एकजण पुढून ओढतो, दोघे मागून रेटतात. उतार लागला की रेटणारेच मागे ओढून धरतात, म्हणजे ब्रेकही माणसांचाच. वाटेल, यंत्र आलं की पोटावर पाय येणार म्हणून हेच लोक भांडतील. तर ई-रिक्षा द्या म्हणून मागणी केली ती हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने! विरोधात न्यायालयात उभे राहिले घोडेवाले. ई-रिक्षेला पेव्हर ब्लॉक हवेत, कारण पावसात माती वाहून जाते, आणि त्याच ब्लॉकवर घोड्याचे खूर घसरतात. पर्यटक दोघांनाही हवाच आहे. भांडण आहे ते त्याच्या पायाखाली काय असावं, याचं.

मार्च २०२५ मध्ये तर गावाने बेमुदत बंदच पुकारला. पर्यटकांना कंटाळून? छे! नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल करून त्यांना लुबाडलं जातं, हे थांबवा म्हणून. पाहुण्यांच्या बाजूने गावाने स्वतःचीच दुकानं बंद ठेवावीत, हे डॉक्सीच्या कुठल्या पायरीवर बसवायचं?

पुन्हा रस्त्याच्या भांडणाकडे येऊ. २००३ मध्ये माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, त्यामुळे रुग्णवाहिका, अग्निशमन असे अपवाद सोडले तर वाहनांना मज्जाव. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा चाचणीपुरत्या धावल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढणं मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असं सांगत हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. पेव्हर ब्लॉकना परवानगी मिळाली ती दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच टप्प्यात. आतले रस्ते मातीचेच राहायचे. निकाल बऱ्यापैकी शहाणा वाटतो. घोडेवाल्यांच्या हाती मात्र त्यातून आतले रस्तेच आले, आणि गिऱ्हाईक तर मिळतं नाक्यावर.