इगतपुरी : चढणीने वसवलेले गाव

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला जाणारी गाडी मनमाड आणि नाशिक मागे टाकून सह्याद्रीच्या कड्याशी येते, तेथील इगतपुरी हे छोटे शहर मुख्यतः रेल्वेच्या चढणीमुळे वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांच्या देखरेखीखाली आखलेला थळ घाटाचा, म्हणजेच कसारा घाटाचा, लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तो पाहण्यास बर्कली हयात नव्हते, कारण १८६२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

सुमारे पंधरा किलोमीटरांत हा मार्ग जवळजवळ तीनशे मीटर चढतो आणि त्याचा तीव्रतम चढ ३७ मीटरांमागे एक मीटर आहे. सडकेवर हा चढ किरकोळ ठरला असता, परंतु पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड बेताचीच असल्याने वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला ‘बँकर’, म्हणजे मागून रेटा देणारी जादा इंजिने, जोडावी लागतात आणि ती इगतपुरीत सोडवली जातात. उतरणीसाठी ‘कॅच साइडिंग’, म्हणजे बेफाम सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी मुख्य मार्गातून फुटून चढावर संपणारा फाटा, ठेवलेला असून गाडी थांबून ब्रेक शाबूत असल्याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग दिला जातो. अपघात गृहीत धरून केलेली ही रचना घाटातल्या बोगद्यांहून अधिक कौतुकास पात्र आहे.

१९३० च्या सुमारास १५०० व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह इगतपुरीपर्यंत आला आणि ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी स्वित्झर्लंडच्या घडणीची मालगाडीची इंजिने घाट चढू लागली. पुढे पूर्वेकडील मार्गावर प्रत्यावर्ती प्रवाह आल्याने अनेक वर्षे गाड्यांची इंजिने येथेच बदलत, आणि त्या थांब्यांवर, शेडवर व कर्मचाऱ्यांच्या वसाहतींवर गाव पोसले गेले.

मराठवाड्याशी या गावाचे नाते मात्र रुळांइतकेच पाण्याचेही आहे. तालुक्यातील कुलंग किल्ल्याच्या उतारावर उगम पावणारी दारणा नदी गोदावरीला मिळते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरांचे पाणी दारणा धरणातून पुढे पैठणच्या नाथसागरात पोहोचते. संभाजीनगरची तहान भागवणारा जलाशय हाच असल्याने, त्या शहरातील प्रवाशाने एखाद्या श्रावणात इगतपुरीला उतरून बँकर सुटताना आणि दारणा भरून वाहताना अवश्य पाहावी.