परकी किडनी आपली कशी होते?

किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. सकाळी नऊ, रात्री नऊ. टॅक्रोलिमसची वेळ चुकवायची नाही. जोडीला बहुधा मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड. ठरल्या दिवशी रक्त द्यायचं, ‘टॅक्रो लेव्हल’ आणि क्रिएटिनिन किती आलं ते बघायचं. नवी किडनी चालेल तोवर हा क्रम सुटत नाही. या गोळ्या रिजेक्शन रोखतात, पण त्यासाठी सगळ्या प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतात. त्यामुळे जंतुसंसर्ग लवकर होतो, काही कॅन्सरचा धोका वाढतो, आणि टॅक्रोलिमस तर वर्षानुवर्षं घेतलं की किडनीलाच इजा करू शकतं. जी वाचवायची, तिलाच.

रिजेक्शन होतं कशामुळे? आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, निम्मी आईकडून आलेली, निम्मी वडिलांकडून. रक्तातल्या टी पेशी ही प्रथिनं तपासत फिरतात आणि अनोळखी दिसली की हल्ला चढवतात. सख्ख्या भावंडांत सगळी एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक. एकसारख्या जुळ्यांत प्रश्नच येत नाही. म्हणून २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण अशा जुळ्या भावांमधलं होतं.

मग याच टी पेशी स्वतःच्या शरीरावर का तुटून पडत नाहीत? छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होतात, आणि ज्या स्वतःच्याच प्रथिनांना घट्ट चिकटतात त्यांना तिथेच मरण येतं. काही निसटतात. त्यांना आवरायला नियंत्रक टी पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, आणि २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. ही ‘सहिष्णुता’ म्हणजे दुबळेपणा नव्हे. जंतूंशी लढाई चालूच राहते, फक्त आपल्या माणसावर हात उचलला जात नाही.

ही सवय परक्या पेशींबाबतही लावता येते, हे आधी गायींनी दाखवलं. १९४५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन जुळ्या वासरांचं रक्त तपासत होते. एकेका वासराच्या अंगात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी सापडल्या, स्वतःच्या आणि भावंडाच्या. गर्भात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या. इतक्या लहानपणी आत आलेलं रक्त शरीराने आपलंच धरलं.

लंडनच्या पीटर मेडावर यांनी रुपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांच्यासोबत हेच मुद्दाम घडवून आणलं. तपकिरी जातीच्या उंदराच्या गर्भात त्यांनी पांढऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. पिल्लू मोठं झाल्यावर त्याच पांढऱ्या जातीच्या कातडीचा तुकडा त्याच्या अंगावर लावला. एरवी असा तुकडा दोनेक आठवड्यांत गळून पडतो. इथे तो रुजला, आणि तपकिरी अंगावर पांढरी लव उगवली. १९५३ चा हा प्रयोग माझ्या मते प्रत्यारोपणाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग आहे. मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं.

मोठ्या माणसाला पुन्हा गर्भात नेता येत नाही. त्याची प्रतिकारशक्ती पक्की झालेली असते. म्हणून बोस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात तिला आधी थोडं मोकळं करून घेतलं. औषधं आणि प्रतिपिंडांनी टी पेशी कमी केल्या, थायमसवर किरणोत्सर्ग दिला, आणि मग एकाच दात्याची किडनी व अस्थिमज्जा दोन्ही दिल्या. दात्याच्या रक्तपेशी रुग्णाच्या पेशींत मिसळल्या. २००८ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. दाते घरचेच होते, पण एचएलए पूर्ण जुळत नव्हतं. पाचांपैकी चौघांच्या गोळ्या वर्षभराच्या आसपास पूर्ण बंद करता आल्या. एकाची किडनी गेली. विशेष म्हणजे मिसळलेल्या पेशी थोड्याच आठवड्यांत दिसेनाशा झाल्या, तरी किडनी टिकली. म्हणजे ती टिकवायला नियंत्रक पेशींसारखं दुसरंही काही कामाला लागलं असणार.

अडचणी खऱ्या आहेत. आधीचे उपचार कडक असतात. दात्याच्या पेशी उलट रुग्णावरच हल्ला करू शकतात. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत तर तयारीला काही तासच मिळतात. म्हणून हा मार्ग अजून मोजक्या केंद्रांतल्या चाचण्यांपुरताच आहे.

क्रिएटिनिन छान आहे, अंगात काही त्रास नाही, म्हणून गोळ्या कमी करून पाहू, असं अनेकांच्या मनात येतं. शरीराने किडनी स्वीकारली आहे की गोळ्यांनी हल्ला थोपवून धरला आहे, हे सांगणारी खात्रीची रक्तचाचणी आज रोजच्या वापरात नाही, आणि त्रास जाणवेपर्यंत किडनीचं नुकसान झालेलं असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.