टोमॅटोच्या रोपांची मंदावलेली वाढ : कारणमीमांसा व निदानाचा क्रम

प्रस्तावना :
शेडनेटमध्ये प्रो-ट्रे व कोकोपीट वापरून भाजीपाल्याची रोपे तयार करण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. टोमॅटोचे रोप साधारणपणे २५ ते ३० दिवसांत लागवडीयोग्य होते. या काळात वाढ मंदावल्यास लागवड लांबते, तयार केलेले शेत रिकामे राहते व बाजारातील अनुकूल काळ निसटतो. अशा वेळी खताची मात्रा वाढविण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु कारण न शोधता केलेला हा उपाय पुष्कळदा अपायकारक ठरतो. प्रस्तुत लेखात वाढ खुंटण्याची प्रमुख कारणे व ती ओळखण्याचा क्रम विशद केला आहे.

सैद्धांतिक आधार :
कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडलेला व युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात प्रसृत केलेला किमान घटकाचा नियम येथे मार्गदर्शक ठरतो. गरजेच्या तुलनेत सर्वांत अपुरा असलेला घटक वाढीची मर्यादा ठरवितो. इतर घटक वाढवून ती उणीव भरून निघत नाही. त्यामुळे मर्यादा घालणारा घटक कोणता, हा निदानातील पहिला प्रश्न होय.

नैसर्गिक संथपणा :
उगवणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रोप बीजपत्रांतील अन्नसाठ्यावर अवलंबून असते व मुळांचा विस्तार करीत असते. या काळात वरची वाढ संथ दिसणे स्वाभाविक आहे. खरी पाने फुटल्यानंतरही वाढ थांबलेली असेल, तरच दोषाचा विचार करावा.

प्रमुख कारणे :
१) अतिरिक्त पाणी : कोकोपीट सतत ओले राहिल्यास त्यातील हवेची जागा पाणी घेते व मुळांना प्राणवायू मिळत नाही. पाणी असूनही पाने मलूल दिसतात. निरोगी मुळे पांढरी असतात, तर कुजणारी मुळे तपकिरी व मऊ होतात. पिथियमसारख्या बुरशींमुळे रोपे कोलमडण्याचा धोकाही वाढतो.

२) तापमान : तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास वाढ मंदावते. मुळांभोवती गारवा असल्यास स्फुरदाचे शोषण घटते व पानांची खालची बाजू जांभळट होते. हिवाळ्यात हे लक्षण दिसल्यास स्फुरद देण्यापूर्वी तापमान पाहणे आवश्यक ठरते.

३) प्रकाश : अपुऱ्या प्रकाशात खोड लांब, बारीक व फिकट होते. उंची वाढत असली तरी ती सशक्त वाढ नव्हे.

४) क्षार व सामू : न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडिअम, पोटॅशिअम व क्लोराइड यांचे प्रमाण अधिक असू शकते. क्षार वाढल्यास मुळांना पाणी शोषणे कठीण होते व पानांच्या कडा करपतात. माध्यमाचा सामू ५.५ ते ६.५ असावा. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असल्यास सामू वाढतो व लोह उपलब्ध होत नाही. मग नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. याउलट नत्राच्या कमतरतेत जुनी पाने आधी पिवळी पडतात.

५) विषाणू : पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या लीफ कर्ल रोगात पाने वळतात व रोप खुजे राहते. अशी रोपे सुधारत नाहीत. ती त्वरित काढून नष्ट करावीत.

निदानाचा क्रम :
प्रथम दोष सर्व ट्रेंमध्ये आहे की विखुरलेल्या रोपांत, हे पाहावे. सर्वत्र सारखा दोष पाणी, माध्यम किंवा हवामानाकडे निर्देश करतो, तर विखुरलेला दोष रोग, किडी वा बियाण्यातील फरकाकडे. त्यानंतर दोन-तीन रोपे उपटून मुळे तपासावीत. मग पाणी व निचऱ्याचा सामू आणि विद्युत वाहकता मोजावी. निचऱ्याची वाहकता दिलेल्या पाण्याहून बरीच अधिक असल्यास माध्यमात क्षार साचल्याचे समजावे व ते स्वच्छ पाण्याने धुवावे. एका वेळी एकच बदल करावा, काही रोपे तुलनेसाठी पूर्वीप्रमाणेच ठेवावीत आणि नव्या पानांवरून परिणाम जोखावा. करपलेली पाने पूर्ववत होत नाहीत.

समारोप :
मंद वाढ हा स्वतंत्र रोग नसून अनेक कारणांचे समान लक्षण आहे. मुळे कुजलेली असताना किंवा माध्यमात क्षार साचलेले असताना दिलेले खत रोपाची हानीच करते. म्हणून निरीक्षण, मोजमाप व त्यानंतर उपचार हाच क्रम शास्त्रीय ठरतो. मोजकी साधने व ट्रे एवढ्यावर ही तपासणी करता येत असल्याने महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतही तिचा समावेश करणे सहज शक्य आहे.