अटॅचमेंटची झडती

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस काही तासांत जगभरच्या मेलबॉक्समध्ये पोचला. सोबतच्या फाइलच्या नावात ‘.टीएक्सटी’ दिसे, त्यापुढचं खरं शेपूट, ‘.व्हीबीएस’, विंडोज लपवून ठेवत असे. लोकांना वाटलं, साधं पत्र आहे. क्लिक करताच तो आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःला धाडून मोकळा!

असल्या फाइलींची झडती आता दोनदा होते. आधी मेल सेवेच्या सर्व्हरवर. जीमेल तर ‘.ईएक्सई’ फाइल झिपमध्ये दडवली तरी अडवतं. मग घरच्या संगणकावर, फाइल सेव्ह करताना किंवा उघडताना. अँटिव्हायरस तिच्यातला कोड ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांशी ताडून पाहतो. या खुणांची यादी ताजी राहते ती अपडेटमुळे. पण व्हायरस अगदी नवा असेल तर खुणा जुळणार कशा? म्हणून वागणूकही तपासली जाते. वर्डची फाइल उघडताच पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधला आज्ञा चालवणारा प्रोग्राम, सुरू होऊ लागला, तर ते संशयास्पदच.

पासवर्ड घातलेल्या झिपच्या आत मात्र सर्व्हरला सहसा डोकावता येत नाही. ‘इमोटेट’ नावाचा घातक प्रोग्राम पसरवणाऱ्या टोळीने २०२० मध्ये नेमकी हीच फट हेरली. पासवर्ड मेलच्या मजकुरातच लिहिलेला असे. अशी झिप उघडली की आतली फाइल पकडण्याचं काम घरच्या संगणकातल्या अँटिव्हायरसवरच येतं. त्याचं रिअल-टाइम संरक्षण कधीही बंद करू नये.